वर्तनवाद खरंच हरला का? बोधनिक 'क्रांती'ची गोष्ट आणि तिच्यातल्या गाळलेल्या जागा

त्रिज्या
टीवायच्या वर्गाला मानसशास्त्र शिकवते. दरवर्षी एक प्रकरण आलं की माझी चिडचिड होते, ते म्हणजे 'बोधनिक (कॉग्निटिव्ह) क्रांती', मानसशास्त्र नुसतं वर्तन मोजणं सोडून पुन्हा मनाकडे वळलं ती. पुस्तकातली गोष्ट अशी: १८७९ मध्ये वुंटने लायप्झिगला प्रयोगशाळा काढली आणि लोकांना स्वतःच्या मनात डोकावायला लावलं. दोघांचं डोकावणं एकमेकांशी जुळेना. १९१३ मध्ये वॉटसन म्हणाला, मन-बिन बाजूला ठेवा, दिसतं ते वर्तन मोजा. मग चाळीस वर्षं उंदीर, कबुतरं आणि चक्रव्यूह. १९५६ मध्ये एकदम उजाडलं. बोस्टनजवळच्या एमआयटी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मिलर, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की आणि संगणकवाला सायमन अवतरले. १९५९ मध्ये चॉम्स्कीने बक्षिसाने वर्तन घडवणाऱ्या वर्तनवादी स्किनरच्या भाषेवरच्या पुस्तकाचं तीसेक पानी परीक्षण लिहून त्याला लोळवलं, १९६७ मध्ये नायसरने 'कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी' नावाचं पुस्तक लिहून बारसं केलं, आणि सगळे सुखाने नांदू लागले.

मला ही गोष्ट पचत नाही. ज्या काळात मन हद्दपार होतं म्हणतात, त्याच काळात केंब्रिजला बार्टलेट स्मृतीवर लिहीत होता (१९३२), जिनीव्हात पियाजे पोरांना प्रश्न विचारत होता, मॉस्कोत विगॉट्स्की आणि लुरिया होते, जर्मनीत गेस्टाल्टवाले (मनाला सुटे तुकडे नव्हे, आख्खा आकार दिसतो म्हणणारे) होते. हद्दपारी होती ती अमेरिकेत, तिथेही सरसकट नाही. म्हणजे ही क्रांती अमेरिकेला उशिरा आलेली जाग आहे, असं माझं मत. खोडून काढा.

आणि दुसरा प्रश्न: वर्तनवाद खरंच हरला का? हरला असेल तर नेमका कोणत्या प्रयोगाने?

नाखवा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पिशवीचा आवाज ऐकूनच तोंडाला पाणी सुटलं, म्हणजे घंटेवर कुत्र्यांची लाळ गाळणारा पाव्हलॉव्ह अजून नाबाद आहे.

अरभाट
वर्तनवादाला पहिला सुरुंग चॉम्स्कीने नाही, वर्तनवाद्यांच्याच उंदरांनी लावला. टोलमन आणि हॉन्झिक, बर्कली, १९३०. प्रयोग इतका देखणा आहे की जरा सविस्तर सांगतो.

चौदा वळणांचा चक्रव्यूह. उंदरांचे तीन गट. पहिल्याला शेवटी पोचल्यावर रोज खाऊ. दुसऱ्याला कधीच नाही. ते बापडे हुंगत-हुंगत फिरतात आणि त्यांच्या चुका फारशा कमी होत नाहीत. तिसऱ्या गटाला पहिले दहा दिवस काही नाही, अकराव्या दिवसापासून खाऊ. आता बक्षिसाशिवाय शिकणं नाही हे खरं असेल, तर तिसऱ्या गटाचा श्रीगणेशा अकराव्या दिवशी व्हायला हवा आणि पुढची प्रगती पहिल्या गटासारखी कलाकलाने. झालं भलतंच. बाराव्या दिवशी त्यांच्या चुका धाडकन खाली आल्या, थेट रोज खाऊ खाणाऱ्यांच्या पंक्तीला. म्हणजे दहा दिवस ते नुसते हुंदडत नव्हते. रस्ता डोक्यात उतरत होता, वापरायला कारण नव्हतं इतकंच. १९४८ मध्ये टोलमनने त्याला 'बोधनिक नकाशा' म्हटलं. गंमत अशी की हा माणूस स्वतःला वर्तनवादीच म्हणवत होता.

तरी वर्तनवाद हरला का? नाही. येलच्या क्लार्क हलने आपल्या समीकरणात प्रलोभनासाठी एक चल वाढवला आणि दुकान चालू ठेवलं. त्यामुळे 'कोणत्या प्रयोगाने हरला' या प्रश्नाला उत्तर नाही असं मला वाटतं. प्रयोगाने कोणी हरत नाही, नवीन पोरं दुसऱ्या दुकानात जायला लागतात.

मोठी_ताई
'हरला' म्हणणाऱ्यांना आमच्या शाळेत आठवडाभर पाठवा. मी विशेष मुलांना शिकवते. एका मुलाला दात घासायला शिकवायचं होतं. आधी कामाचे तुकडे पाडायचे: नळ सोडणं, ब्रश ओला करणं, पेस्ट लावणं, घासणं, चूळ भरणं, ब्रश धुणं, पेल्यात ठेवणं. मग सुरुवात शेवटापासून. बाकी सगळं त्याच्या हातावर हात ठेवून मी करते, ब्रश पेल्यात ठेवणं तेवढं त्याचं. ठेवला की त्याच क्षणी शाबासकी आणि त्याची लाडकी भिंगरी. ते बसलं की ब्रश धुणंही त्याचं. असं मागे मागे सरकायचं. उलटीकडून का? कारण प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते त्याच्या हातून, आणि बक्षीस कामाला चिकटून येतं.

हे सगळं स्किनरच्या घरचं. त्या मुलाच्या डोक्यात ब्रशचा कोणता आराखडा आहे यावर चर्चा करत बसले असते तर वर्ष गेलं असतं.

त्रिज्या
@मोठी_ताई, प्रतिसाद फार आवडला. पण उपचार म्हणून उपयोगी पडणं वेगळं आणि मनाचं स्पष्टीकरण म्हणून पुरं पडणं वेगळं, नाही का? क्रोसिनने ताप उतरतो, म्हणून अंगात क्रोसिन कमी पडलं होतं असं आपण म्हणत नाही.

मोठी_ताई
मान्य. पण तुमच्या बाजूचे लोक क्रोसिन देत नाहीत, तापावर निबंध लिहितात.

नाखवा
😂 ताईंना एक भिंगरी द्या.

लायप्झिगकर
इथे नोकरीनिमित्त आहे, म्हणून वुंटची बाजू घेणं भाग आहे. 'वुंट म्हणजे मनात डोकावणं' हे टिचनरचं पाप. टिचनर लायप्झिगला शिकला, अमेरिकेत कॉर्नेलला गेला आणि तिथे संवेदनांचे तुकडे मोजण्याचा जो पंथ काढला तो वुंटच्या नावावर खपला. वुंटच्या प्रयोगशाळेत बहुतेक काम घड्याळ लावून व्हायचं: दिवा लागला, कळ दाबा, किती वेळ लागला. ही युक्तीही त्याची नाही. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. तोवर तो वेग मोजण्यापलीकडचा आहे असं मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत होते, आणि निघाला सेकंदाला जेमतेम तीसेक मीटर. मग १८६८ मध्ये उट्रेख्टच्या डोंडर्सने विचारलं: संदेशाला वेळ लागतो, तर निर्णयालाही लागत असणार. एकच दिवा असताना कळ दाबायला लागणारा वेळ आणि दोन दिव्यांतून निवडून दाबायचा वेळ, यांची वजाबाकी केली की निवडीचा वेळ हाती येतो.

आजही बोधनिक प्रयोगशाळेत निम्मं काम याच वजाबाकीवर चालतं. तेव्हा 'क्रांती' १९५६ ची असेल, अवजार १८६८ चं आहे.

उच्च मानसिक प्रक्रिया प्रयोगशाळेत सापडणार नाहीत, त्यासाठी भाषा, मिथकं, चालीरीती अभ्यासायला हव्यात, असं वुंट स्वतः म्हणत होता. त्यावर त्याने दहा खंड लिहिले. ते कोणी वाचत नाही. मीही नाही.

नेट_सेट_चालू
सर/मॅडम, नोट्सची पीडीएफ मिळेल का? पेपर दोनला यावर पाच-सहा प्रश्न येतात. संरचनावाद, कार्यवाद, गेस्टाल्ट, वर्तनवाद यांच्या जोड्या लावा असं असतं.

बिटबायटे
इतक्या लोकांनी प्रतिसाद दिले आणि कोणीच महायुद्धाचं नाव काढलं नाही? माझ्या मते हा विषय विद्यापीठात जन्मलाच नाही, तो विमानात आणि रडारच्या पडद्यासमोर जन्मला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं उतरल्यावर धावपट्टीवरच पोट टेकून बसायची. वैमानिकाने पंखाच्या झडपा मिटायच्या ऐवजी चाकंच आत घेतलेली असायची. 'वैमानिकाची चूक' असा शेरा मारून फाइल बंद. अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला जुळे भाऊ. त्याने चाकांच्या खटक्याला रबरी चाक लावलं आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. हाताला न बघता कळायला लागलं.

इकडे इंग्लंडमध्ये रडारवाले तरुण पडद्यावरचे ठिपके चुकवत होते. मॅकवर्थने एक घड्याळ बनवलं: काटा सेकंदाला एक घर उडी मारतो, कधीतरी मध्येच दोन घरं. दोन घरं दिसली की कळ दाबा. दोन तास हेच. पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष घसरायला लागलं. आता सांगा, इथे उद्दीपक तोच, माणूस तोच, मग अर्ध्या तासात बदललं काय? 'लक्ष' हा शब्द न वापरता याचं उत्तर देऊन दाखवा.

त्यात भर शॅननच्या माहिती-सिद्धांताची (१९४८), म्हणजे तारेतून संदेश किती आणि कसा जाईल याच्या गणिताची. वाहिनीची क्षमता, गोंगाट, गाळणी. १९५३ मध्ये कॉलिन चेरीने दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एक मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानातल्या भाषणाची इंग्रजीची जर्मन झाली तरी पत्ता नाही. पुरुषाचा आवाज बाईचा झाला तर मात्र कळलं. पाच वर्षांनी ब्रॉडबेंटने यावरून मनाचं सरळ टेलिफोन-छाप चित्रच काढलं. सैन्याने पैसे दिले आणि इंजिनिअरांनी भाषा दिली. तत्त्वज्ञान मागाहून आलं.

त्रिज्या
@बिटबायटे, हे मला पटतं, आणि माझ्याच बाजूचं आहे. मॅकवर्थ आणि ब्रॉडबेंट जिथे काम करत, ते केंब्रिजचं उपयोजित मानसशास्त्राचं युनिट १९४४ मध्ये निघालं, पहिला संचालक केनेथ क्रेक. १९४३ मध्येच त्याने लिहून ठेवलं होतं की माणूस डोक्यात जगाची छोटी प्रतिकृती बाळगतो आणि प्रत्यक्ष करण्याआधी तिच्यावर करून बघतो. मे १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपल्याच्या आदल्या दिवशी, केंब्रिजच्या रस्त्यावर सायकलवरून जाताना त्याला अपघात झाला आणि तो गेला. वय ३१. तो जगला असता तर 'क्रांती' बोस्टनच्या नावावर लागली नसती, असं मला उगाच वाटतं.

घनपाठी
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. आश्चर्य याचं वाटतं की मराठीत एवढी चर्चा होते आणि पतंजलींचं नाव कोणी घेत नाही. योगसूत्रात पहिल्याच पादात पाच वृत्ती सांगितल्या आहेत: प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. खरं ज्ञान, चुकीचं ज्ञान, शब्दांतून उभी राहिलेली कल्पना, झोप आणि आठवण. हे बोधनिक मानसशास्त्राच्या अनुक्रमणिकेहून वेगळं आहे का? स्मृतीची व्याख्याही तिथेच आहे, अनुभवलेला विषय निसटू न देणं. वुंटच्या कित्येक शतकं आधी.

अरभाट
आलंच. 'आमच्याकडे सगळं होतं' एक्सप्रेस फलाट क्रमांक एकवर येत आहे.

घनपाठी, अनुक्रमणिका जुळणं म्हणजे शास्त्र जुळणं नव्हे. एबिंगहाउसने १८८५ मध्ये काय केलं? 'झॉफ', 'वुक' असली तेवीसशे निरर्थक अक्षरं तयार केली, याद्या करून स्वतःच पाठ केल्या आणि वीस मिनिटांनी, तासाने, दिवसाने परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. वीस मिनिटांत चाळीस टक्क्यांच्या वर बचत उडालेली. 'स्मृती म्हणजे न निसटणं' ही व्याख्या सुंदर आहे, पण किती निसटतं आणि कधी, हे सांगायला वही-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

घनपाठी
वही-पेन्सिलच्या आधी घनपाठ होता, वेद तोंडपाठ करायची रीत. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, असं पूर्ण संहितेतून पुढे जायचं. चूक झाली तर क्रम अडतो आणि लगेच कळतं. निसटणं मोजलं नाही म्हणता. निसटू न देण्याची व्यवस्था मात्र चोख लावली होती. तुमच्या एबिंगहाउसला विचारा, त्याची अक्षरं आज कोणाला पाठ आहेत?

नाखवा
घनपाठी १, एबिंगहाउस ०.

त्रिज्या
दोघेही थांबा जरा. भारताचा खरा धागा दुसरीकडेच आहे. कलकत्ता विद्यापीठात १९१५-१६ च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला, नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी तो उभा केला. ते हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडे शिकलेले, आणि म्युन्स्टरबर्ग वुंटचा विद्यार्थी. म्हणजे आपल्याकडचं विद्यापीठीय मानसशास्त्र पतंजलीचं नव्हे, वुंटचं नातवंड आहे. चांगलं की वाईट तो वेगळा मुद्दा.

उंटावरची_शहाणी
विगॉट्स्की-लुरियाचं नाव सुरुवातीच्या पोस्टमध्ये घेतलंय आणि मग सगळे विसरले. १९३१-३२ मध्ये लुरिया उझबेकिस्तानात गेला. दुसऱ्या मोहिमेत गेस्टाल्टवाला कोफ्काही होता, तो तिकडे आजारी पडून परतला. लुरिया निरक्षर शेतकऱ्यांना कोडी घालायचा. सगळ्यात गाजलेलं अस्वलाचं: 'दूर उत्तरेला जिथे बर्फ असतं तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोव्हाया झेमल्या दूर उत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची?' शेतकरी म्हणायचे, आम्ही तिकडे गेलो नाही. काळं अस्वल पाहिलंय, दुसरं नाही. जो जाऊन आला असेल त्याला विचारा.

लुरियाचा निष्कर्ष असा की शाळा आणि सामूहिक शेती आली की विचार करण्याची पद्धतच बदलते, नुसती माहिती वाढत नाही. तो आपल्या मते शेतकऱ्यांचं कौतुकच करत होता, पण मॉस्कोतल्या मंडळींना ते अपमानास्पद वाटलं. पुस्तक रशियनमध्ये यायला १९७४ उजाडलं. अमेरिकेत उंदीर चक्रव्यूहात असताना इकडे माणसाच्या तर्कावर असं काम चाललं होतं, म्हणून त्रिज्याताईंच्या मताला माझं +१.

अरभाट
त्या शेतकऱ्यांना तर्क करता येत नव्हता हे लुरियाने सिद्ध केलं की लुरियाला प्रश्न विचारता येत नव्हता हे?

घनपाठी
अरभाट, आज प्रथमच तुमच्याशी सहमत. आणि इथे नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्र्यांची, मदत होते, कृपया एक्सप्रेस पकडू नका.

अनुमान कसं उभं राहतं? डोंगरावर धूर आहे, जिथे धूर तिथे अग्नी, उदाहरण स्वयंपाकघर. ती व्याप्ती (हे 'जिथे-तिथे'चं नातं) ऐकणाऱ्याने स्वतः पाहिलेली असावी लागते, म्हणून तर उदाहरण वाक्याचा भाग आहे. लुरियाच्या कोड्यात 'बर्फात सगळी अस्वलं पांढरी' ही व्याप्ती कोणाच्या भरवशावर घ्यायची? मॉस्कोहून आलेल्या अनोळखी माणसाच्या शब्दावर. म्हणजे हा अनुमानाचा प्रश्नच नव्हे, शब्दप्रमाणाचा आहे. शब्द प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे ज्याला माहीत आहे आणि ज्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा असा. शेतकरी म्हणाला, जाऊन आलेल्याला विचारा. तो तर्कात कमी पडला नाही, त्याने परीक्षकाची आप्तता नाकारली. १९३१ साल, सामूहिक शेतीची सक्ती चालू, समोर मॉस्कोचा साहेब. मी असतो तर मीही म्हटलं असतं, मला अस्वल माहीत नाही.

उंटावरची_शहाणी
वा! हे मी माझ्या वर्गात चोरणार आहे. शाळा शिकलेला मुलगा वेगळं काय शिकतो? 'मास्तर म्हणतात ते धरून चाल' हे. कोड्यातलं वाक्य खरं का खोटं हे विचारायचं नाही, उत्तर द्यायचं.

मोठी_ताई
आणि उत्तर दिल्यावर शाबासकी. 😀

अरभाट
घनपाठी, दंडवत. हा मुद्दा मी याआधी कुठे वाचला नव्हता.

नेट_सेट_चालू
मिलरचं सात अधिक-उणे दोन समजावून सांगता का कोणी? माणसाच्या लक्षात सात गोष्टी राहतात म्हणून फोन नंबर सात आकडी केले हे बरोबर आहे का?

बिटबायटे
नाही. सात आकडी नंबर मिलरच्या १९५६ च्या लेखाच्या बरेच आधीपासून होते. आणि लेखाच्या शेवटी मिलर स्वतःच म्हणतो की हे सगळीकडे दिसणारे सात हा बहुधा नुसता योगायोग आहे. लेखाचा खरा मुद्दा गठ्ठे बांधण्याचा. सुटे आकडे पटकन संपतात; १, ९, ४, ७ याचं '१९४७' झालं की एकच जागा लागते. गठ्ठे बांधायची सोय काढून घेतली तर आकडा चारच्या आसपास येतो, असं पुढे २००१ मध्ये कोवानने मांडलं.

अजून_एक_पुणेकर
म्हणूनच मोबाइल नंबर सांगण्यावरून घरात भांडणं होतात. मी पाच-पाच सांगतो, बायको 'अठ्ठ्याण्णव, बावीस' अशा जोड्यांत सांगते, मुलगा 'डबल नाइन ट्रिपल टू' म्हणतो. तिघांनी एकमेकांना सांगितलेला एकही नंबर लागत नाही.

उंटावरची_शहाणी
आणि अस्सल मराठी माणूसही नंबर इंग्रजीत सांगतो ते का?

त्रिज्या
सगळं कारण हे नसेल, पण एक धागा आहे. १९७५ मध्ये बॅडली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की किती शब्द लक्षात राहतात हे शब्दांच्या संख्येपेक्षा ते म्हणायला किती वेळ लागतो यावर ठरतं. साधारण दोन सेकंदांत जितकं म्हणता येईल तितकं. १९८० मध्ये वेल्श बोलणाऱ्यांवर काम झालं: वेल्शमध्ये आकडे म्हणायला जास्त वेळ लागतो, म्हणून आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत ते मागे पडत होते, बुद्धीने नव्हे, जिभेने. त्याआधी कॉनरॅडने दाखवलं होतं की अक्षरं डोळ्यांना दाखवली तरी चुका कानाच्या होतात, व्हीच्या जागी बी लिहिला जातो. म्हणजे वाचलेलंही आपण आतल्या आत म्हणून ठेवतो. कॉनरॅडच्या अशा कामातूनच बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचं जे चित्र काढलं, त्यात 'आतल्या आत म्हणण्या'ची वेगळी खोली आहे.

लायप्झिगकर
जर्मनमध्ये सत्तावीसला 'सात-आणि-वीस' म्हणतात, आपल्यासारखंच आधी एकक. ऐकून लिहिताना पोरं ७२ लिहितात, यावर इकडे रीतसर संशोधन झालंय.

अजून_एक_पुणेकर
म्हणजे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' आणलं तेव्हा आपण उगाच दंगा केला? मंगला नारळीकर हेच सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम पोरांना जड जातो.

मोठी_ताई
जड जातो हे खरं. पण बाजारात 'बावन्न रुपये' ऐकलं की पोरगं गोंधळणार, ते कोण निस्तरणार? आणि पाढ्यांची लय गेली ती गेलीच. बे चोक आठ, बे पंचे दहा…

अजून_एक_पुणेकर
लय कुठे गेली? पाढे तसेच राहणार होते, फक्त

संपादक
२०१९ चा तो वाद इथे पुन्हा नको. त्यासाठी दोन जुने धागे आहेत, तिथे पाचशेच्या वर प्रतिसाद झाले आहेत. मूळ विषयावर या.

डॉ_निशाचर
नाइट ड्यूटीवरून. तुम्ही सगळे मेंदूला विसरलात. १९५३ मध्ये फिट्स थांबवण्यासाठी हेन्री मोलेसनच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला. फिट्स कमी झाल्या, नवीन आठवणी बनणं बंद. ब्रेंडा मिलनर भेटायला यायची, ती याच्यासाठी दर वेळी नवीन. तिने त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक हात सुधारत गेला आणि दर वेळी हा म्हणतो, हे मी पहिल्यांदाच करतोय. म्हणजे हात शिकतोय आणि आठवण नाही. मोठी_ताईंचा ब्रश आणि टोलमनचा नकाशा, दोन्ही एकाच डोक्यात, वेगवेगळ्या जागी. तुमचं भांडण निम्मं इथेच मिटतं.

अरभाट
छान. म्हणजे वर्तनवादी आणि बोधवादी दोघेही बरोबर होते, फक्त मेंदूच्या वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते. पण हे दोघांनाही आवडणार नाही.

लायप्झिगकर
'बारसं करणाऱ्या' नायसरबद्दल थोडं. जन्म जर्मनीतल्या कीलचा. एम.ए. केलं स्वार्थमोरला, जिथे गेस्टाल्टवाला कोहलर होता. कोहलर म्हणजे टेनेरिफ बेटावर चिंपांझींचा अभ्यास करणारा. त्याचा सुलतान नावाचा चिंपांझी दोन बांबूंनी केळं ओढू बघत होता, एकही पुरेना. कंटाळून गजांकडे पाठ करून बसला, काठ्यांशी चाळा करताना बारीक जाडीत बसली, आणि गडी उठून थेट गजांकडे पळाला. १९३३ मध्ये ज्यू प्राध्यापकांना काढायला लागले तेव्हा या कोहलरने बर्लिनच्या वर्तमानपत्रात उघड निषेधाचा लेख लिहिला, १९३५ मध्ये अमेरिकेला गेला. दुसरा गेस्टाल्टवाला वर्टहायमर आधीच गेला होता. म्हणजे अमेरिकी क्रांतीचं बियाणं काही अंशी हिटलरने पाठवलं.

आणि बारसं केलं त्याच नायसरने १९७६ मध्ये दुसरं पुस्तक लिहून म्हटलं की आपण प्रयोगशाळेत अडकून पडलोय, खऱ्या जगातल्या माणसाबद्दल काही सांगत नाही. १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे, कशी कळली. अडीचेक वर्षांनी परत विचारलं. कित्येकांची उत्तरं साफ वेगळी, आणि ठामपणा तसाच. स्वतःचे कागद दाखवले तरी काहींना पटेना.

अजून_एक_पुणेकर
१९८३ चा विश्वचषक शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला असं मी सगळ्यांना सांगतो. आमच्या चाळीत टीव्ही ८४ ला आला असं आई म्हणते. जाऊ दे.

बिटबायटे
मूळ प्रश्नावर परत येतो. माझं उत्तर: वर्तनवाद हरला नाही, कॉम्प्युटर सायन्सला दत्तक गेला. रेस्कोर्ला-वॅग्नर १९७२ चं सूत्र बघा: अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाने शिकणं. तेच वाढवून सटन आणि बार्टोने प्रबलनातून, म्हणजे बक्षिसातून, शिकणारी यंत्रं केली. नंतर माकडांच्या मेंदूतलं डोपामिन हे रसायनही याच हिशेबाने वागतं असं दिसलं. सटन-बार्टोंना संगणकशास्त्रातलं २०२४ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. आज तुम्ही ज्या चॅटबॉटशी गप्पा मारता त्यालाही शेवटी 'हे उत्तर बरं, ते नको' असं बक्षीस देऊनच वळण लावतात. स्किनर असता तर पेढे वाटले असते.

त्रिज्या
पेढे वाटले नसते. ऑगस्ट १९९० मध्ये, जायच्या आठवडाभर आधी, त्याने शेवटचं भाषण केलं आणि बोधनिक विज्ञानाची तुलना उत्क्रांती नाकारणाऱ्यांच्या 'सृष्टिनिर्मिती विज्ञाना'शी केली. तो शेवटपर्यंत एक इंच हलला नाही. तुमच्या यंत्रात आत लाखो-करोडो आकडे आहेत, काय घडतंय हे शोधायला लोक ते उघडून बघतायत. आत बघणं त्याला मान्यच नव्हतं. बक्षीस स्किनरचं, पण पेटी उघडायची खाज टोलमनची.

बाकी तुमचे चॅटबॉट नुसत्या मजकुरावरून भाषा शिकतात, त्यामुळे चॉम्स्कीबद्दल एक गोष्ट मान्य करावी लागेल. 'नुसतं ऐकून भाषा येत नाही' हे १९५९ मध्ये जितकं छातीठोकपणे म्हणता येत होतं तितकं आता येत नाही.

उंटावरची_शहाणी
मुलाला लागतात त्याच्या कितीतरी पट वाक्यं त्या यंत्राला लागतात, हे विसरू नका. चॉम्स्कीचा तोच तर मुद्दा होता, तुटपुंज्या मालावर पोरगं एवढं कसं शिकतं.

बिटबायटे
पोरगं कुशीत बसून शिकतं, यंत्राला कुशी नाही. तुलना तिथेच बिघडते.

नेट_सेट_चालू
मग परीक्षेत काय लिहू? बोधनिक क्रांतीचं वर्ष कोणतं?

त्रिज्या
१९५६ लिही. ११ सप्टेंबर, एमआयटीची बैठक, मिलर-चॉम्स्की-न्यूवेल-सायमन. एका गुणाला एवढं पुरतं. दहा गुणांचा प्रश्न आला तर बार्टलेट, क्रेक, टोलमन घाल, परीक्षक खूश होईल किंवा गोंधळेल.

नेट_सेट_चालू
धन्यवाद मॅडम. पीडीएफ?

मोठी_ताई
@डॉ_निशाचर, त्या हेन्रीवर वेगळा धागा काढा ना. हात शिकतो आणि आठवण राहत नाही, हे माझ्या वर्गात रोज दिसतं, त्यामागचं वाचायला आवडेल.

डॉ_निशाचर
काढतो. या महिन्यात ड्यूट्या फार आहेत, दिवाळीनंतर धरा.